ह्यांचा ग्लास

डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची होती. तिनं वन्संना आधी वार विचारला, मग महिना, मग पाच शब्द सांगून ते लक्षात ठेवायला सांगितलं. थोडा वेळ इकडचं-तिकडचं बोलून तिनं ते शब्द परत विचारले. वन्संना एकच आठवला. "किल्ली," त्या म्हणाल्या, आणि बाकीचे चार माझ्या पर्समध्ये असावेत तसं माझ्याकडे पाहिलं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, पण वयानं माझ्याहून मोठी. त्यामुळे त्या मला वहिनी म्हणतात आणि अगं-तुगं करतात, मी त्यांना वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. एका छपराखाली अख्खा जन्म गेला, पण त्यात बदल झाला नाही. भांडतानासुद्धा मी त्यांना "तुम्ही जरा गप्प बसा" असंच म्हणते.

"दारू घेता का, आजी?" डॉक्टरनं विचारलं.

"संध्याकाळी एक. ब्रँडी. छोटी."

"रोज एकच?"

"एकच. विचार हिला."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "एकच घेतात," मी म्हणाले. "मीही एकच घ्यायचे. हल्ली पित्त होतं म्हणून अर्ध्यावर आलेय."

त्यात खोटं काही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

"तुमच्या वयाला दिवसाला एक, त्याच्या वर जायचं नाही," ती म्हणाली. "म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं, लिव्हर आळसावतं. तरुणपणी दोन जेवढं करायचे तेवढं आता एकात होतं. मधे काही दिवस अजिबात घेतली नाही तर आणखी चांगलं." मग ती माझ्या मुलाकडे वळली. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. शाळेत शिकवतो, त्याला बसायची सवय नाही. "पण एका ग्लासानं माणूस इतकं विसरत नाही," ती म्हणाली. "हे दुसरं काहीतरी दिसतंय. वाढत जाणारं. पुढची सोय बघून ठेवा."

पुढची सोय माझ्या मुलानं आधीच बघून ठेवली होती. शहराबाहेर एक जागा होती, झाडंबिडं असलेली, दिवसरात्र नर्स असलेली. एक खोली रिकामी होणार होती आणि महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. त्यालाही दोष देता येत नाही. वन्सं दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेल्या होत्या. एकदा न्हाणीघरात पडल्या, आणि त्यांना उठवता उठवता मीही खाली बसले. आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून शेजारणीला हाका मारत होतो. त्यानंतर आठवड्याभरात त्या भलत्याच इमारतीच्या लिफ्टपाशी उभ्या सापडल्या. आमचा मजला लागत नाही म्हणून तिथल्या वॉचमनवर डाफरत होत्या.

परतताना गाडीत मुलानं विषय काढला. वन्सं पुढे बसल्या होत्या. मागे बसलं की त्यांना मळमळतं.

"आत्या, तिथं खूप छान आहे. सकाळी फिरायला नेतात. वेळच्या वेळी जेवण."

"वेळ झाली हे कसं कळतं?"

"बेल वाजते."

"मग नको," वन्सं म्हणाल्या. "मी नोकरीभर बेल वाजली की उठले. आता मला भूक लागली की जेवायचंय."

वन्सं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानावर पट्टा, समोर दिव्यांचा फळा. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "लाइन बिझी होती." अर्ध्या शहराचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. आमच्या घरी पाहुणे आले की त्यांची परीक्षा घेत आणि त्या न अडखळता सांगत. मी शाळेचे गणवेश कापायचे, ढिगानं. माझ्या डोक्यात मापं असायची, पण ती विचारून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आणि हे लिफ्ट दुरुस्त करायचे.

हे सांगितल्याशिवाय ग्लासाचं कळणार नाही. ह्यांची ड्यूटी रात्री आठपर्यंत. कामावरून सातला घरी यायचे, पण शेवटचा तास घरच्या फोनवर असायचा. कुठं लिफ्ट अडकली की फोन येणार आणि ह्यांनी हत्यारांची पिशवी उचलून निघायचं. ड्यूटीवर तोंडाला वास आला तर नोकरी जाणार, म्हणून आठ वाजेपर्यंत हे थेंबाला शिवत नसत. पण ग्लास मात्र सातलाच भरून समोर हवा असे. "भरलेला ग्लास समोर असला की वाट बघायला बरं वाटतं," म्हणायचे. म्हणून मी सातला तीन ग्लास भरायचे. आमचे दोन आम्ही दोघी हळूहळू संपवायचो, खारे दाणे खात, दिवसभराचं बोलत. ह्यांचा तसाच उभा राहायचा, त्यातला बर्फ विरघळत.

पुष्कळदा आठच्या आत फोन यायचाच. कोणीतरी दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत असायचं. मग हे पायात बूट घालता घालता दारातून ओरडायचे, "माझा तुम्ही संपवा गं!" सासूबाईंची शिस्त होती, की एकदा ओतलेलं परत भांड्यात जात नाही. दूध नाही, तेल नाही, औषध नाही, मग ब्रँडी कशी जाईल? तेव्हा आम्ही ह्यांचा ग्लास निम्मा-निम्मा करून संपवायचो. ते आम्ही कधी आमच्यात धरलं नाही. ती आमची दारू नव्हतीच. ह्यांची राखण केल्यासारखं होतं ते.

हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. सगळे सोपस्कार आटोपून पाहुणे गेले, त्या संध्याकाळी मी सवयीनं तीन ग्लास मांडले. भरून झाल्यावर लक्षात आलं. मी हात पुढे केला, तर वन्सं म्हणाल्या, "राहू दे." आम्ही आमचे संपवले. आठ वाजले. वन्संनी दाराकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "फोन आला असेल." आणि त्यांनी ह्यांचा ग्लास निम्मा-निम्मा केला.

त्यानंतर रोज तेच. बोलून ठरवलं नाही, पण चुकवलंही नाही. लोक फोटोला हार घालतात. आमच्याकडे फोटो होता, पण त्याच्याकडे बघून आम्हाला काही व्हायचं नाही. फोटोत हे टाय लावून बसले होते आणि ह्यांना टाय सहन होत नसे. ग्लासाजवळ मात्र हे असायचे. सात ते आठ.

तर आम्ही डॉक्टरकडून आलो ती संध्याकाळ. सकाळपासून उभी होते, पाठ धरली होती. मी तीन ग्लास भरले, माझा अर्धा घेतला आणि बटाटे सोलायला म्हणून उठले, पण स्वयंपाकघरापर्यंत जाववेना. खोलीच्या कोपऱ्यात माझं शिलाईमशीन आहे, त्याच्यामागच्या खुर्चीत मी बसले. दिवा लावायचंही त्राण नव्हतं. वन्संना वाटलं मी आत गेले. एरवी मी आतच असते. स्वयंपाक, मग लवकर आडवी. वन्सं मागे राहतात, ग्लास विसळून ठेवतात. पित्त सुरू झाल्यापासून ह्यांच्यातला माझा वाटाही मी सोडला होता. तो त्याच संपवायच्या.

आठ वाजले. "फोन आला असेल," वन्सं म्हणाल्या आणि ह्यांचा ग्लास संपवला. ग्लास टेबलावर ठेवून न्हाणीघरात गेल्या. बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, आणि त्यांची नजर ग्लासावर गेली.

"अगंबाई, दादाचा भरलाच नाही की हिनं!"

त्यांनी बाटली उचलली आणि ग्लास भरला. वर दोन खडे बर्फ टाकला, ह्यांना लागायचा तसा. दाराकडे बघत बसल्या. काही वेळानं घड्याळाकडे पाहिलं. "गेला वाटतं कुठंतरी," म्हणाल्या, आणि तोही संपवला.

मी हाक मारणार होते, पण मारली नाही. का ते माहीत नाही. कदाचित नक्की बघायचं होतं. त्या उठल्या, खिडकी लावली, टेबलापाशी आल्या आणि रिकाम्या ग्लासाकडे बघून थबकल्या. "आज वहिनीचं लक्ष कुठंय," असं पुटपुटत त्यांनी तो पुन्हा भरला.

 डॉक्टरसमोर त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांचा एकच होता. बाकीचे सगळे दादाचे होते. प्यायल्यामुळे विसरत होत्या, आणि विसरल्यामुळे पुन्हा भरत होत्या. बाजारहाट त्याच करतात. बाटली कधी संपली आणि नवी कधी आली, ह्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

सकाळी त्या त्यातल्या त्यात ठीक असतात. चहाच्या वेळी मी विचारलं, "वन्सं, काल किती घेतलीत?"

"एक. काल त्या पोरीला सांगितलं ना?"

"आणि ह्यांचा?"

"तो दादाचा."

"पण तो पितं कोण?"

"कोणीतरी संपवायला नको? की मोरीत ओतायचा? आईनं ऐकलं असतं तर लाटणं घेऊन आली असती."

"किती वेळा भरलात?"

"ग्लास एकदाच भरतात, वहिनी." त्यांनी कप खाली ठेवला. "तुझं डोकं ठिकाणावर नाही. त्या पोरीला दाखवून घे. वार कुठला, महिना कुठला, विचारते ती. सोपं असतं."

मी दोन दिवस काही बोलले नाही. मनात घोळवत राहिले. सांगितलं तर सातचा तो तास जाणार होता, त्यांचा आणि माझाही. शिवाय मुलगा म्हणू शकला असता, की आता तर पाठवायलाच हवं, विसरते ते विसरते आणि वर पिते. नाही सांगितलं तर महिनाअखेर वन्सं बेलवर जेवायला जाणार होत्या. आणि कारण ब्रँडीचं असलं तर? तर त्या ह्या घरात शहाण्या होऊ शकल्या असत्या, आणि आम्ही त्यांना वेडं ठरवून तिथं ठेवून आलो असतो. दुसऱ्या रात्री मी बाटली लपवून बघितली. वन्संनी सगळी कपाटं धुंडाळली आणि रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "दादा येईल आणि त्याला काय देऊ?" मी बाटली काढून दिली. तेव्हा मला कळलं, की हे माझ्या एकटीच्यानं निभणार नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा त्याच खोलीत. मी सगळं सांगितलं. लिफ्टपासून सांगितलं, कारण मधूनच सांगितलं असतं तर वन्सं चोरून पितात असं वाटलं असतं, आणि त्या चोरून पीत नव्हत्या.

वन्सं आधी नीट ऐकत होत्या, दुसऱ्या कोणाची गोष्ट चालल्यासारख्या. मग त्यांचा चेहरा पालटला.

"चोंबडी," त्या म्हणाल्या. "घरातलं बाहेर सांगते."

मुलगा भिंतीपासून पुढे आला. "आई, तो तिसरा ग्लास बाबांचा होता?"

"मग कोणाचा?"

"मला वाटायचं माझा. मी कधी संध्याकाळी आलो की तो भरलेला असायचा. मी म्हणायचो, बघा, आपली वाट बघतात." त्यानं चष्मा काढून पुसला. "मी प्यायलोय तो. कितीदा तरी."

"तुला काय मना केलं होतं?" वन्सं म्हणाल्या. "दादाचाच मुलगा तू."

 डॉक्टर वन्संसमोर खुर्ची ओढून बसली. "आजी, पोटाला कळत नाही हो, ग्लास कुणाच्या नावाचा आहे ते. तुमच्या पोटात गेला की तुमचाच."

"माझ्या भावाचा आहे तो."

"असू दे. पण चढते तुम्हाला." तिनं मला काय करायचं ते सांगितलं. एकदम तोडायची नाही. इतक्या दिवसांची सवय अशी तोडली तर म्हाताऱ्या माणसाला झटके येऊ शकतात. आठवड्याला थोडी थोडी कमी करत एकावर आणायची आणि मग तीही सोडवायची. हात कापतील, झोप जाईल, चिडतील. फार घाम आला, भलतंसलतं दिसायला लागलं, तर लगेच घेऊन यायचं. दीड महिन्यानं पुन्हा तपासू. "सगळं ह्याचंच असेल असं मी म्हणत नाही," ती मुलाला म्हणाली. "पण हे बाजूला झाल्याशिवाय मागचं काय आहे ते मला दिसणार नाही."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "ती खोली दीड महिना कशी थांबेल, आई?"

"पैसे भरून थांबव."

"थांबवतो. पण नाही सुधारली, तर मग तू मधे बोलायचं नाहीस. तुझ्याकडे बघवत नाही मला."

"नाही बोलणार," मी म्हणाले. इतकी दमले होते की तेव्हा कशालाही हो म्हटलं असतं. पण तो शब्द मी दिला होता आणि त्याला तो खरा वाटला होता.

मग ते दिवस सुरू झाले.

ब्रँडीची बाटली मी शिलाईमशीनच्या खणात कुलूप लावून ठेवली. ग्लास दोनच काढायचे, एक वन्संचा आणि एक माझा. माझ्यात नुसतं पाणी. ह्यांचा ग्लास वर फळीवर, पातेल्यांच्या मागे. सातला मी वन्संना मोजून द्यायची. साडेसातला एक घोट आणखी, साडेआठला आणखी एक, डॉक्टरनं सांगितलं होतं तसा, आणि दर आठवड्याला त्यातला एक कमी. आयुष्यभर मी कापडाचं माप घेतलं, पण माणसाच्या तोंडातला घोट मापायला बसले नव्हते. हात जड व्हायचा.

रोज संध्याकाळी वन्सं विचारायच्या, "दादाचा कुठंय?"

रोज मला सांगायला लागायचं. की आपण डॉक्टरकडे गेलो, तिनं असं म्हटलं, म्हणून ह्यांचा ग्लास बंद. रोज त्या पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायच्या, पहिल्यांदा दुखावल्यासारख्या दुखावायच्या आणि सकाळी विसरून जायच्या. मग संध्याकाळी मी परत सांगायचे. एकाच गुन्ह्याची रोज नव्यानं शिक्षा. रात्री त्यांना झोप नसायची. खोलीतून खोलीत फिरायच्या, खण ओढून बघायच्या. मी खुर्ची मशीनला लावून तिथंच डुलक्या काढायचे. पाय सुजले. शेजारीण म्हणाली, "आजी, तुमच्याकडे बघून मलाच ग्लुकोज लावून घ्यावंसं वाटतं."

आणि खोटं कशाला सांगू, आठ वाजता माझेही कान दाराकडे लागायचे. टेबलावरची ती तिसरी जागा मी पुसायची नाही. पुसायचं काही नव्हतंच तिथं.

एका रात्री वन्सं मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या. केस मोकळे, डोळे लाल. म्हणाल्या, "नवरा तुझा होता. तू इतक्या लवकर विसरलीस त्याला. आणि डॉक्टरकडे मला नेतेस."

 मी म्हटलं, "झोपा, वन्सं." त्या गेल्या. मी किल्ली मुठीत घेऊन सकाळपर्यंत बसले.

सकाळी मी दूध तापत ठेवलं होतं. वन्सं उठून आल्या, न बोलता खुर्चीत बसल्या. मी चहा पुढे केला. त्यांनी कप घेतला नाही.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"काल रात्री मी तुला काय म्हटलं?" त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला.

"ते मी मागे घेत नाही," त्या म्हणाल्या. "नीट विचार करून म्हटलंय."

मी त्यांच्याकडे पाठ केली. दूध वर येत होतं आणि मी ते बघत होते, आणि ते भराभर उतू गेलं, सगळ्या ओट्यावर. रात्रीचा राग सकाळपर्यंत टिकला होता. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. त्या माझ्यावर रागावल्या होत्या, आणि का ते त्यांच्या लक्षात होतं.

त्यानंतर अबोला. अबोलाही त्या इमानानं पाळायच्या, एकही दिवस न विसरता. बोलायचं झालं तर खिडकीशी बोलायच्या. "कोणीतरी मीठ जास्त टाकलंय." "कोणाला वाटत असेल मी किल्ली शोधतेय, तर मी चष्मा शोधतेय." पण गॅस बंद करून ठेवायच्या. एकदा तर मीच चालू ठेवला तेव्हा त्यांनी बंद केला आणि खिडकीला म्हणाल्या, "मला पाठवताहेत तिथं दोन खोल्या घ्या म्हणावं." शेवटच्या दिवसांत ब्रँडीचा एक घोट उरला होता, तो मी पुढे केला. त्यांनी तो सिंकमध्ये ओतला. "भीक नको," म्हणाल्या. सासूबाई असत्या तर खरंच लाटणं घेऊन आल्या असत्या.

दीड महिना झाला. पुन्हा तीच खोली. ह्या वेळी खुर्च्या बदलल्या होत्या, कडक, पाठीला टोचणाऱ्या. मुलगा भिंतीला टेकूनच. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. बोलायचं नव्हतं ना मला.

डॉक्टरनं वार विचारला. वन्संनी सांगितला. महिनाही सांगितला, आणि "तो संपत आलाय, तुम्हाला घाई असेल," असं मुलाकडे न बघता वर जोडलं. पाच शब्दांतले तीन आले. चौथ्यापाशी खूप वेळ थांबल्या. ओठ हलत होते. माझीही जीभ वळवळत होती, तो शब्द मला माहीत होता. मी दात घट्ट मिटून बसले. तो शेवटी आलाच नाही. पाचवाही नाही.

"हरकत नाही," डॉक्टर म्हणाली. "आता ह्या कागदावर एक वाक्य लिहा. मनात येईल ते. पूर्ण वाक्य हवं."

वन्संनी पेन घेतलं. अक्षर तेच, एक्स्चेंजमधलं, सरळ उभं. लिहून कागद पुढे सरकवला. डॉक्टरनं तो वाचला, आणि मग आमच्यासाठी मोठ्यानं वाचला.

"माझ्या वहिनीनं माझ्या भावाला घराबाहेर काढलं."

 मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. वाक्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

"वाक्य पूर्ण आहे," डॉक्टर म्हणाली आणि तिनं कागदावर बरोबरची खूण केली. मग पेन बाजूला ठेवलं. मागच्या वेळेपेक्षा पुष्कळ बरं आहे, म्हणाली. सगळं परत आलेलं नाही आणि सगळं येणारही नाही, वय आहे. पण आज तरी ह्या स्वतःच्या घरात राहू शकतात, कोणी सोबत असेल तर. दारू अजून काही महिने नकोच. पुढे कधी घ्यावीशी वाटली, तर कधीमधी एक छोटी, त्याच्यावर नाही, आणि घरात जेवढे ग्लास भरले जातात ते सगळे मोजायचे. "सगळे, आजी," तिनं माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं. तीन महिन्यांनी दाखवायला या.

मुलगा येऊन खुर्चीत बसला. त्याला त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं. "ती खोली सोडतो मी," तो म्हणाला. "आत्या, घरीच राहणार ना?"

"मला काय विचारतोस," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या आईला विचार. दीड महिना जेलर होती ती. तिला सुट्टी हवी असेल."

सुट्टी हवीच होती मला. ह्या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं? मला झोपायचं होतं, पाय उशीवर ठेवून, किल्ली कुठंतरी फेकून देऊन. सात वाजता कोणी काही विचारू नये असं वाटत होतं. आणि सात वाजता घरात कोणीच नसेल तर काय करायचं, हेही कळत नव्हतं. ह्यांना तर मी काढलंच होतं.

"काय गं?" वन्सं म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खिडकीला सोडून मला.

"रागवायचंय ते घरी येऊन रागवा," मी म्हणाले. "ह्या खुर्च्या टोचतात."

मी खुर्चीला रेटा देऊन उठायला लागले. वन्संनी माझा दंड धरला. घट्ट धरला, जरा जास्तच, नखं लागतील इतका. आणि सोडला नाही.